पाणी वाचवा म्हणण्याआधी पालिकेनं काय करावं

उत्तर गोव्यातल्या एका पालिकेच्या नगरसेविकेनं विचारलेला प्रश्न असा: "गेली तीन वर्षं आम्ही जलदिनाला फेरी काढतो, चौकाचौकात फलक लावतो, शाळांत निबंध स्पर्धा घेतो. तरी एप्रिल उजाडला की टँकरसाठी फोन सुरूच. लोकांना पाणी वाचवायची सवय लावायची तर पालिकेनं नेमकं करायचं काय?"

ताई, पाणीपुरवठ्याच्या कामात माझी ३२ वर्षं गेली. त्यातली निम्मी रस्ते खणण्यात आणि उरलेली लोकांचे फोन घेण्यात. तेव्हा पुस्तकातलं न सांगता हाताखालून गेलेलं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या फेरीची तारीख चुकते. जलदिन २२ मार्चला येतो आणि तोवर आपल्याकडचा खेळ बराचसा संपलेला असतो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये साळावली धरणाच्या त्या गोल सांडव्यातून पाणी कोसळायला लागलं की लोक गाड्या काढून बघायला जातात. त्या दिवसांत एखाद्या घरानं नळाचं पाणी वाचवलं तर वीज आणि तुरटी वाचते, ते चांगलंच, पण ते पाणी मे महिन्यात परत भेटत नाही. धरण भरून वाहतंय, वाचवलेलं पाणी साठवणार कुठं? आपल्या उपयोगाची बचत नोव्हेंबरपासून पुढची. ओहोळा-नद्यांवरच्या बंधाऱ्यांना फळ्या लागतात, शेतकरी पाटाच्या पाळ्या ठरवतात, तेव्हाच शहरानंही आपली पाळी ठरवायला हवी. म्हणून मोहीम दिवाळीनंतर लगेच सुरू करा आणि मार्चमध्ये तिचा हिशेब मांडा. फलक छापायचे पैसे तेवढेच लागतात.

दुसरी गोष्ट जरा बोचेल. लोकांना सांगण्याआधी पालिकेनं आपलं घर बघावं. एका शहरात, नाव घेत नाही, आम्ही जलबचतीची सभा घेतली होती. वक्ते बोलत होते आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीवरून टाकीचं पाणी वाहत होतं. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "पयलीं तें बंद कर मरे." सभा तिथंच संपल्यात जमा होती. त्यानंतर मी कुठल्याही सभेला जाण्याआधी त्या इमारतीच्या गच्चीवर चढायचो.

तुमच्या ताब्यात काय काय आहे ते आधी लिहून काढा. पालिकेची इमारत, भाजी मार्केट, मासळी मार्केट, सार्वजनिक शौचालयं, बाग, बसस्थानकावरचा नळ, कर्मचाऱ्यांच्या खोल्या. प्रत्येक ठिकाणी मीटर आहे का, चालू आहे का, बिल कोण बघतं? मला बहुतेक ठिकाणी असं दिसलं की बिल येतं, लेखा विभागात भरलं जातं आणि आकडा कोणी वाचतच नाही. मासळी मार्केटमध्ये ओटे धुवायला जाड नळी सोडून माणूस चहाला जातो. त्या नळीच्या टोकाला दाबून सोडायची चाप-तोटी लावली की अर्धं काम झालं. शौचालयाच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारी तोटी, अडकलेला असतो, तो बदलायला शे-दोनशे रुपये आणि एक प्लंबर लागतो. ही कामं दोन महिन्यांत करा आणि मग आधीची व नंतरची बिलं मार्केटच्या दारावर चिकटवा. "पालिकेनं वाचवलं, आता तुम्ही" असं म्हणायचा हक्क त्या कागदानं मिळतो.

आता गळती. शहराच्या वाटपातली गळती हा खात्याचा विषय, पालिकेचा नाही. गोव्यात नळाचं पाणी पालिका देत नाही, सरकारी खातं देतं, आणि तुमचा निम्मा वैताग तिथूनच येतो हे मला ठाऊक आहे. पण गळती दिसते ती तुमच्या रस्त्यावर. रात्री दोन ते चार या वेळात शहर झोपलेलं असतं. तेव्हा एखाद्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी मीटर लावून पाहिलं, की जे पाणी वाहतं ते बहुतांशी गळतीचंच, नाहीतर भरत असलेल्या टाक्यांचं. मी आणि आमचा वॉल्वमन एकदा अशा तपासणीला रात्री गेलो. चार वाजत आले तरी मीटर धावतच होता. वॉल्वमनकडे लोखंडी सळई होती. एक टोक पाइपवर, दुसरं कानावर. तासाभरात त्यानं सांगितलं, "हांगा." दुसऱ्या दिवशी खणलं तर जुन्या जोडणीचं तोंड नुसतंच वाकवून सोडलेलं. घर पाडून दहा वर्षं झाली होती, नळ कोणी तोडलाच नव्हता. पाणी शेजारच्या गटारात जात होतं, म्हणून रस्ता कधी ओला दिसला नाही. तुमच्या हातात काय, तर घर पाडायचा परवाना देताना जुनी नळजोडणी मुख्य वाहिनीपाशी बंद केल्याचा दाखला मागा. एक ओळ वाढवायची, खर्च शून्य.

आता घरांकडे येऊ. माझा अनुभव असा की माणसाला आपण किती पाणी वापरतो हे माहीतच नसतं. मी विचारायचो, तेव्हा बिल कितीचं येतं ते लोक सांगायचे, लिटर कोणी सांगितलं नाही. १ सप्टेंबर २०२१पासून सरकारनं महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत, अशी योजना आणली होती, बचतीला उत्तेजन म्हणून. त्या आकड्याचा हिशेब करून बघा. चार माणसांचं घर धरलं तर माणशी दिवसाला १३३ लिटर होतात. मलनिस्सारण असलेल्या शहरासाठी देशात धरलं जाणारं प्रमाण माणशी १३५ लिटर आहे, म्हणजे आकडा हवेतला नव्हता. पण नवरा-बायको दोघंच राहत असतील तर तोच आकडा माणशी २६७ लिटर होतो आणि आजी-आजोबा, दोन भाऊ, मुलंबाळं अशा आठ माणसांच्या घरात ६७. दोघांना काहीच वाचवावं लागत नाही, आठांनी बरीच काटकसर केली तरी ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते. असा सरसकट आकडा तुम्ही मोहिमेत वापरू नका. घरपट्टीच्या पावतीसोबत एक साधा तक्ता द्या, घरात दोन माणसं तर महिन्याला इतकं, चार तर इतकं, आठ तर इतकं. बिलावरचे युनिट म्हणजे घनमीटर, एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, हेही त्यावर छापा. एवढ्यानं लोक बिल उलटून बघायला लागतात.

त्याच तक्त्याच्या मागं गळतीची चाचणी छापा. रात्री झोपताना सगळे नळ बंद करायचे आणि मीटरची तबकडी बघायची. बऱ्याच मीटरांवर आकड्यांच्या बाजूला एक छोटी लाल चक्री असते. सगळं बंद असताना ती फिरत असेल तर घरात कुठंतरी पाणी जातंय. बहुतेक वेळा चोर असतो तो कमोडच्या टाकीत. त्यात थोडी शाई टाकायची, अर्धा तास फ्लश करायचं नाही. भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. फोंड्यात एका घरी मी हे करून दाखवलं, तर घरातल्या शाळकरी मुलीनं पुढच्या आठवड्यात अख्ख्या वाड्यात शाईची दौत घेऊन फेरी मारली. कुठल्याही फलकानं एवढं केलं नसतं.

घरातला दुसरा मोठा ओघळ म्हणजे गच्चीवरची टाकी. घरगुती पंप मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी वर चढवतो. टाकी भरली तरी दहा मिनिटं पंप चालू राहिला की ३०० लिटर अंगणात. चौघांच्या घराचा दिवसाचा अर्ध्याहून जास्त वापर, तोही कोणी न वापरता. टाकी भरली की वाजणारा भोंगा किंवा पंप आपोआप बंद करणारी कळ काही शे-हजार रुपयांत मिळते. पालिकेला एकाच गोष्टीवर सवलत द्यायची असेल तर याच्यावर द्या, सौर दिव्यांवर नंतर.

आणि आता सुट्टीपुरत्या घेतलेल्या दुसऱ्या घरांची गोष्ट. आपल्याकडे कितीतरी फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतात, मालक मुंबईत नाहीतर दुबईत. तिथला बॉलकॉक बिघडला तर सांगणार कोण? इमारतींच्या सोसायट्यांकडून एवढंच लिहून घ्या की बंद फ्लॅटचा स्टॉपकॉक, म्हणजे पाणी तोडायची तोटी, बंद ठेवला जाईल आणि चावी वॉचमनकडे असेल.

पालिका पाणी देत नाही, मग तिचा हात कुठं कुठं पोचतो? घरपट्टी तुमची आहे, म्हणजे सवलत देता येते. बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी दाखला तुमच्या सहीनं निघतो, म्हणजे नवी इमारत उभी राहतानाच अटी घालता येतात. प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर, कमी पाण्याचे दुहेरी बटणाचे फ्लश, गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवायची वेगळी पाइप. जुन्या इमारतीत हे नंतर करायला भिंती फोडाव्या लागतात, म्हणून ती वेळ चुकवू नका. आणि रोज सकाळी घरोघरी कचरा न्यायला जाणारी तुमची माणसं. कोणाच्या कंपाउंडातून पाणी रस्त्यावर येतंय हे त्यांच्याइतकं कोणाला दिसत नाही. त्यांना एक फोन नंबर द्या आणि कळवलेल्या प्रत्येक गळतीमागं थोडे पैसे द्या. मी हे एका ठिकाणी सुचवलं तेव्हा "ते आमचं काम नाही" असं साहेबांनी सांगितलं. तुम्ही निवडून आलेल्या आहात, तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागणार नाही.

शेजाऱ्याशी तुलना हा उपाय स्वस्त आणि चांगला चालतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॉब काउंटीत २००७च्या दुष्काळात एक लाखाहून अधिक घरांवर याचा प्रयोग झाला. काही घरांना पाणी वाचवायच्या युक्त्यांचं पत्र गेलं, त्यानं जवळपास काहीच फरक पडला नाही. काहींना 'तुमचा वापर आणि तुमच्या भागातल्या इतरांचा वापर' असं पत्र गेलं, तिथं वापर सुमारे ५ टक्क्यांनी उतरला. जास्त वापरणारी घरं जास्त उतरली. पुढं महिने गेले तसा परिणाम विरत गेला, म्हणून हे पत्र वर्षाला एकदा तरी पाठवावं लागतं. आपल्याकडे मात्र नावं जाहीर करण्याच्या मोहात पडू नका. गोव्याच्या वाड्यावर एकाचं नाव फळ्यावर लिहिलं की पाण्याचं भांडण तीन पिढ्यांच्या वाटपाच्या भांडणाला जाऊन मिळतं. वाड्याची सरासरी सांगा, घराचा आकडा त्या घरालाच सांगा.

एक गोष्ट लोक उलटी समजतात. पाणी दोन तास सोडलं की लोक कमी वापरतात, असं वाटतं. प्रत्यक्षात घरात जेवढी भांडी आहेत तेवढी भरली जातात आणि दुसऱ्या दिवशी नवं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून ओतलं जातं. शिवाय नळ उघडाच ठेवतात, पाणी आलेलं कळावं म्हणून. कराडजवळच्या मलकापुरात मीटर लावून चोवीस तास पाणी देणं सुरू झालं, तेव्हा वापर बेसुमार वाढेल ही भीती खरी ठरली नाही. चोवीस तास पाणी तुमच्या हातात नाही, पण वेळ पाळणं खात्याकडून मागता येतं. पाणी कधी येणार हे पक्कं माहीत असेल तर साठवण कमी होते.

नळांच्या जाळ्या, कमी पाण्याचे शॉवर, बादलीनं अंघोळ, हे सगळं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगतो, आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र. आपल्या सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांचं पाणी मुळातच मऊ, त्यातले विरघळलेले क्षार फारच कमी. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथं आरओ वापरूच नये, अशा आशयाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१९मध्ये दिला होता. आपल्या नळाचं पाणी त्याच्या कितीतरी खाली आहे. तरी घरोघरी आरओ, आणि एक लिटर प्यायच्या पाण्यामागं दोन-तीन लिटर मोरीत. गोव्यात गाळणी आणि अतिनील दिव्याचं साधं यंत्र, नाहीतर उकळणं, पुरतं. क्षार मोजायची पेनासारखी यंत्रं स्वस्त असतात. चवथीच्या आधी बाजारात एक टेबल लावून लोकांना आपलं पाणी मोजून घेऊ द्या. विक्रेते चिडतील, चिडू द्या.

विहिरींकडे वळतो. तुमच्या शहरात किती विहिरी आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? गोव्यात भूजल नियमनाचा कायदा २००२चा, विहिरींची नोंदणी त्यात आहे, पण नोंदवलेली विहीर जिवंत आहे की कचऱ्यानं भरली आहे हे कागदावरून कळत नाही. १५ ऑगस्ट २०१९ला खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण केंद्राच्या मोठ्या वाहिन्या फुटल्या आणि भर पावसाळ्यात पणजी-तिसवाडीचे नळ कित्येक दिवस कोरडे पडले. छपरावर पाऊस आणि दारात टँकर. तेव्हा ज्यांच्या घरची विहीर वापरात होती त्यांना झळ कमी लागली. ज्या पणजीत फोंतेन्हास या वाड्याचं नावच झऱ्यावरून पडलं, त्या शहराचा सगळा भार शेवटी दोन पाइपांवर होता.

तेव्हा मे महिन्यात, पाणी तळाला असताना, विहिरी उपसायची मोहीम घ्या. २४ जूनला सांजांव येतो, पोरं विहिरीत उड्या मारतात. जिथं उड्या मारायच्या ती विहीर आधी साफ करायची, हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही. विहिरीवर जाळी बसवा आणि गप्पी मासे सोडा, नाहीतर डास होतात आणि आरोग्य खातं तुमच्याच मागं लागेल. पिण्याबद्दल मात्र सावध राहा. आपला जांभा दगड छिद्रांचा, शौचालयाच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून सहज विहिरीत उतरतं. शहरातली विहीर धुण्याला, बागेला, फ्लशला, गाडीला वापरायची. प्यायची असेल तर आधी तपासून घ्यायची.

छपराच्या पाण्याबद्दल लोकांना फार मोठी स्वप्नं दाखवली जातात. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर, वाया जाणारं सोडून सव्वादोन-अडीच लाख तरी हाती येतं. चौघांच्या घराला वर्षभराहून जास्त. पण ठेवणार कुठं? १० हजार लिटरची टाकी त्या घराला १८ दिवस पुरते. आणि विहिरीत सोडलेलं पाणी जांभ्यातून वाहून उतारावरच्या झऱ्यांना जाऊन मिळतं, तुमच्याकडे मेपर्यंत थांबेलच असं नाही. म्हणजे ते करू नये का? करावं, पण जागा बघून. सखल भागात, जिथं विहीर एप्रिलपर्यंत टिकते, तिथं कौलांना पन्हळ लावून पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं आणि मग गाळून विहिरीत घ्यायचं. पठारावरच्या बंगल्यात तेच केलं तर मालकाला दोन वर्षांत काहीच दिसत नाही आणि तो चारचौघांत सांगतो की हे सगळं थोतांड आहे. असा एक नाराज माणूस तुमची मोहीम बुडवतो. सवलत देताना आधी विहिरीची मार्चमधली पातळी मोजून घ्या.

शेवटी तुमची निबंध स्पर्धा. ती बंद करा असं म्हणत नाही, पण पोरांना लिहायला काहीतरी दाखवा. साळावलीच्या धरणात कुर्डी गाव गेलं, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. पाणी उतरलं की मे महिन्यात ते वर येतं. घरांची जोती, कोरडी झाडांची खोडं, सोमेश्वराचं देऊळ, आणि विस्थापित झालेली माणसं उत्सवाला तिथं परत जमतात. आपल्या नळाला ज्या धरणाचं पाणी येत नाही त्या धरणाच्या तळाशी मुलांना का न्यायचं, असं शिक्षक विचारतील. तुमच्या भागाला अंजुण्याचं, आमठाण्याचं, तिळारीचं पाणी मिळत असेल, पण पाण्यासाठी कोणी काय दिलं ते उघड्या डोळ्यांनी दिसतं ते कुर्डीत. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला मुलांशी अर्धा तास बोलू द्या, शिक्षकांना गप्प बसवा. निबंध परत आल्यावर लिहायला सांगा. आणि बस सकाळी लवकर काढा, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या मोजून घ्या, कारण त्या तळात सावली नाही.